वाढीव मोबदल्यातले २० टक्के वकिलाले, वरून ५ टक्के 'साहेबाले'. तक्रार कुठं कराव?

पऱ्हाटीवाला:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून रायलो, वाचून घेजा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. बाबाचं वावर २००६ साली धरणात गेलं, १ हेक्टर ६२ आर, अर्धं काळं अर्धं बरड. तवा सरकारनं जो भाव देल्ला त्याच्यात दुसरीकडं एक एकरही झालं नसतं. मग गावातल्या सगळ्यायनं वाढीव मोबदल्याची केस टाकली, कलम १८ चा रेफरन्स म्हणतात त्याले. आम्ही काही वकील शोधाले गेलो नाई, तालुक्यातल्या एका वकिलाचा मुन्शी सोताच गावात आला होता, समाज मंदिरात बसून एकेकाच्या सह्या घेतल्या, वकीलपत्रावर, शंभराच्या स्टँपवर अन् वरून दोन-तीन कोऱ्या कागदावर. ठरलं असं का खर्च काहीच नाई, जिंकलो तं २० टक्के, हरलो तं राम राम. बाबा सातवी शिकलेले, हातात पैसा नाई, त्यायले ते सोयीचंच वाटलं.

केस चालली लय वर्ष. शेवटी भाव वाढला, मग धरणवालं महामंडळ नागपूरले हायकोर्टात अपिलात गेलं, तिथं पैसे जमा करा लागले त्यायले, अन् त्यातले अर्धे काढाची परवानगी आमाले भेटली. दिवाळीच्या आधी बाबाच्या खात्यात ११ लाख ४० हजार आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मुन्शी मोटरसायकल घेऊन दारात हजर (पैसे आल्याचं आमच्या आधी त्याले कसं समजते देव जाणे). मी वावरात होतो. बाबाले बँकेत नेलं अन् २ लाख ८५ हजार काढाले लावले. संध्याकाळी मी हिशोब केला तं २० टक्क्याचे २ लाख २८ हजारच होतात. फोन लावून विचारलं वरचे ५७ हजार कायचे, तं म्हणे ते ५ टक्के साहेबाचे, म्हंजे जजचे, भाव काय असाच वाढला का. पावती मागतली तं हसला.

आता वकीलसाहेब म्हणून रायले का उरलेल्या अर्ध्या रकमेले ३० टक्के लागन, काहून का हायकोर्टाचं काम वाढलं. नाई म्हटलं तं बाबाचा सहीचा कोरा चेक त्यायच्याजवळ हाये, तो टाकतो म्हणते. फाईल मागतली तं आधी हिशोब पुरा करा म्हणते. तालुक्यात दुसऱ्या दोन वकिलायकडं जाऊन आलो, दोघंही म्हणे आमी एकाच बारमधले, म्हंजे एकाच वकील संघातले, आमाले यात पाडू नका.

तं विचाराचं असं का टक्केवारी कायद्यात बसते का, साहेबाच्या नावाचे पैसे खरंच साहेबाले जातात का अन् जात असन तं त्यायची तक्रार कोणाकडं होते, फाईल कशी काढाव, अन् चेकचं का कराव. कोणाले माहीत असन तं सांगजा.

---

गावखारी:

काही होत नाई भाऊ, सोडून दे. चोराची तक्रार चोराकडं. बार कौन्सिल म्हणजे वकीलच, अन् वर बसलेला जज तोही कधीकाळचा वकीलच. ११ मधले साडेआठ हातात आले ना, आमच्याकडं तं अर्धेही नाई भेटले लोकायले.

---

कोर्टाच्या पायऱ्या:

दादा, मी स्वतः वकील आहे, विदर्भातच जिल्हा कोर्टात, तुमच्या तालुक्यातला नाही. वरच्या भाऊंसारखं सगळे सोडून दे म्हणतात म्हणून तर हे इतकी वर्षं चाललं.

टक्केवारी बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे वकिलांच्या वर्तणुकीचे नियम आहेत, त्यातला विसावा नियम सरळ म्हणतो की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. १९५४ साली सुप्रीम कोर्टापुढे एका वकिलाचं प्रकरण आलं होतं, त्याने अशिलाकडून वसुलीतला निम्मा हिस्सा लिहून घेतला होता. कोर्टाचं म्हणणं असं की हाच करार दोन साध्या माणसांत झाला असता तर एकवेळ हरकत नव्हती, पण वकिलाने केला की ती गैरवर्तणूक, आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काही काळ थांबवली. तुमच्या केसशी अगदी जुळतं ते मात्र २०१७ चं, बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा सरकार. बाई विधवा, नवरा अपघातात गेलेला, नुकसानभरपाई मिळाली, वकिलाने टक्क्याने १० लाख घेतले आणि वर आणखी ३ लाखाचा चेक सही करून घेतला, खात्यात पैसे नाहीत हे ती सांगत असताना. चेक वटला नाही म्हणून यानेच तिच्यावर १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस टाकली. सुप्रीम कोर्टाने ती केस रद्द केली, म्हणाले टक्केवारीची फी बेकायदा आहे, त्यापोटीचा चेक वसूल करता येत नाही, आणि अशी मागणी करणं हीच मुळात गैरवर्तणूक.

म्हणून चेकला घाबरून ३० टक्क्याला हो म्हणू नका. पण निष्काळजीही राहू नका. चेक कोरा होता एवढं म्हणून सुटका होत नाही, सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी चेक देण्यामागे देणं होतं असंच कोर्ट आधी धरून चालतं, २०१९ च्या बीर सिंग निकालात हे आलंय. तर आत्ताच, चेक टाकायच्या आधी, वकिलाला बाबांच्या सहीने पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. त्यात लिहा की अमुक नंबरचा कोरा चेक अमुक केसच्या वेळी टक्केवारीपोटी घेतला होता, देणं काही नाही, परत करा. बँकेलाही स्टॉप पेमेंट द्या, पण नुसत्या त्याने १३८ टळत नाही. चेक परत गेलाच तर तुम्हाला नोटीस येईल, मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्या १५ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. अर्धे लोक इथे मरतात, नोटीस घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवून देतात.

फाईलचं तर सरळच आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. २००० सालचा आर. डी. सक्सेना यांचा निकाल, ते मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचे वकील होते, बँकेच्या फाईली फीसाठी धरून ठेवल्या होत्या. कोर्ट म्हणालं फी वसूल करायला दावा टाका, फाईल द्यावीच लागेल, नाही दिली तर तीही गैरवर्तणूक. आणि वकील बदलायला जुन्याची एनओसी लागतेच असं नाही. सगळे मागतात कारण शिष्टाचार तसा पडलाय, पण कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येतं, तुम्ही स्वतः अर्ज देऊ शकता.

एक गोष्ट त्यांच्या बाजूचीही सांगतो म्हणजे तुम्ही गाफील राहणार नाही. फी आधी ठरलेली नसेल तर केस संपल्यावर हातात असलेल्या अशिलाच्या पैशातून कोर्टाच्या नियमाप्रमाणे होणारी फी वकील वळती करू शकतो. पण हिशोब देऊन, आणि उरलेलं परत करून. तुमच्याकडे केस संपलेली नाही आणि हिशोबही नाही.

तक्रार जाते बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, मुंबईला, अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली. सनद नंबर वकीलपत्रावर असतो, तो टिपून ठेवा. प्रथमदर्शनी दम वाटला तर तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समितीला चारच गोष्टी करता येतात, तक्रार फेटाळायची, समज द्यायची, ठराविक काळ सनद निलंबित करायची नाहीतर नाव पटावरून काढायचं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तिथून पुन्हा ६० दिवसांत सुप्रीम कोर्टात. तुमचे पैसे परत मिळवून देणं हे मात्र तिचं मुख्य काम नाही हे डोक्यात ठेवा. पैशासाठी दिवाणी दावा, तीन वर्षांच्या आत.

---

पऱ्हाटीवाला:

वकीलसाहेब लय उपकार. पण स्टँपवर तं बाबाची सही हाये ना, २० टक्के कबूल म्हणून. ते कोर्टात दाखवलं तं? अन् आमचा एक नातेवाईक म्हणते ग्राहक मंचात जा, तिथं वकील लागत नाई. साहेबाच्या ५ टक्क्याचं तुमी काहीच लिहिलं नाई.

---

नाझर काका:

मी लिहितो त्याचं. मी कोर्टात कारकून लागलो अन् नाझर म्हणून रिटायर झालो, पैशाचे व्हाउचर, ठेवी, चेक सगळं माझ्या टेबलावरून गेलं आहे, म्हणून हे ५ टक्के माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. एका गावच्या रेफरन्स केसेस एका गठ्ठ्यात येतात, कधी साठ, कधी शंभर. कोर्ट काय पाहते, तं आजूबाजूची त्या काळातली खरेदीखतं, जमीन ओलिताची का कोरडवाहू, विहीर आहे का, संत्र्याची झाडं किती, रोडपासून किती आत. पहिली एखादी केस लढून निकाल लागला का त्या गावच्या बाकीच्यायचा भाव जवळपास ठरलाच, एकाच शिवारात एकाले एक अन् दुसऱ्याले दुसरा भाव कोणता जज देईन? वकिलाले हे माहीत असते, मुन्शीलेही माहीत असते. माहीत नसते ते फक्त तुमच्या बाबाले. मग निकालाच्या आठ-पंधरा दिवस आधी गावात जाऊन सांगाचं, साहेबाशी बोलणं झालं, ५ टक्के म्हणते. निकाल तं तसाही लागणारच होता. लागला का साहेबाची कृपा, अन् कमी लागला तं साहेब बदलला, वरून दबाव आला. दोन्हीकडून याचंच खरं. ज्या साहेबाच्या नावानं पैसे गेले तो बिचारा कधी कधी बदली होऊन कोकणात पोचलेला असते अन् त्याले पत्ताही नसते.

एकही साहेब घेत नव्हता असं मी म्हणत नाई, म्हणणार नाई. पण मोबदल्याच्या गठ्ठा केसेसमधे साहेबाच्या नावानं उचललेला पैसा बहुतेक वेळा कोर्टाच्या आवारात शिरतच नाई, पानटपरीवरच वाटप होते.

दुसरं. टक्क्यावर काम करणाऱ्याले घाई नसते. जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर ३० टक्के सोलेशियम (जमीन जबरीनं घेतल्याबद्दलची जादा रक्कम), वरून १२ टक्क्याची रक्कम, अन् ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के अन् मग दरवर्षी १५ टक्के व्याज. एफडीले कोण देते १५ टक्के? म्हणजे केस जितकी लांबली तितका गठ्ठा मोठा, अन् त्याचा वाटाही मोठा. तुमचा बाप तिकडं सावकाराच्या दारात उभा अन् इकडं वकील अॅडजर्नमेंट मागून रायला, अशा केसेस मी पाहिल्या. सगळ्या नाई, पण पाहिल्या.

आता कामाचं. फाईल तो देवो न देवो, कोर्टातून सर्टिफाईड नकला काढा. तुमी पक्षकार आहे, नकलेच्या अर्जाले वकील लागत नाई. काय काय काढाचं तं निकाल, अवॉर्ड, तुमचं मूळ वकीलपत्र, रोजनामा पूर्ण, अन् पैसे काढाचा जो अर्ज नागपूरले झाला त्याची अन् त्यावरच्या आदेशाची नक्कल. रोजनाम्यावरून दिसते वकील किती तारखाले हजर होता अन् किती वेळा त्यानंच तारीख मागतली. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अॅप घ्या, सोळा अक्षराचा सीएनआर नंबर टाकला का तारखा सगळ्या दिसतात, म्हणजे मुन्शीच्या तोंडाकडं पाहाले नको. अन् बँकेतून खात्याचा उतारा काढा, ११ लाख ४० हजार कोणत्या तारखेले आले अन् २ लाख ८५ हजार कोणत्या तारखेले रोख निघाले. त्या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या का कोणाले सांगा लागत नाई.

---

वखरपाळी:

सगळे वकिलाले शिव्या देऊन रायले म्हणून माझं थोडं उलटं ऐका. आमची जमीन गेली तवा आमच्या घरी पेरणीले पैसे नव्हते. वकिलानं पदरचे घालून केस चालवली, व्हॅल्युअर आणला, झाडायचे फोटो, मोजणी, नागपूरच्या चकरा, सगळं त्यायचं. चौदा-पंधरा वर्ष एक रुपया मागतला नाई. शेवटी १५ टक्के घेतले, पावतीबिवती नाई पण बोलल्यापेक्षा एक रुपया जास्त नाई. नियम विसावा मले माहीत नव्हता, पण तो पाळला असता तं आमाले कोणी उभं केलं असतं का? नगद फी देऊन वकील लावाची ताकद असती तं गावखेड्यातल्या माणसाले टक्केवारी लागलीच नसती. तुमचा वकील हरामखोर निघाला हे मान्य, पण सगळी टक्केवारी पाप हे मले पटत नाई.

---

कोर्टाच्या पायऱ्या:

वखरपाळी दादा, तुमचा मुद्दा खोटा नाही आणि माझ्याकडे त्याला चोख उत्तरही नाही. आमच्यातले चांगले लोकही टक्क्यावर काम करतात हे मला माहीत आहे, रोज त्यांच्यासोबत चहा पितो. पण ज्या दिवशी अशिलाच्या रकमेत वकिलाचा वाटा असतो त्या दिवसापासून तडजोड करायची की लढायचं, लोकअदालतीत जायचं की थांबायचं, हा सल्ला तो तुमचा विचार करून देतो की स्वतःचा, हे ओळखू येत नाही. तुमच्या वकिलाने तुमचाच विचार केला. बाकीच्यांचं काय? आणि फुकट वकील मिळतो, तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना उत्पन्नाची अटही नाही. १५१०० ला फोन लागतो. पॅनलवरचा वकील कसा निघेल हे नशीब, तेही खरंय.

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचे प्रश्न. स्टँपवरच्या सहीची काळजी करू नका, उलट तो स्टँप तुमचाच पुरावा आहे. जो करार धोरणाविरुद्ध आहे तो सहीने कायदेशीर होत नाही. तो स्टँप त्यांनी कोर्टात काढला तर आपणच टक्क्याने फी ठरवली हे लिहून दिल्यासारखं होईल, म्हणून ते काढणार नाहीत असा माझा अंदाज. ग्राहक मंच विसरा. पूर्वी राष्ट्रीय आयोगाने वकील ग्राहक कायद्यात येतात म्हटलं होतं, पण १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही.

आता ५ टक्के. नाझर काका म्हणाले तसं पैसे साहेबापर्यंत गेले नसतील तरी वकिलाचा गुन्हा कमी होत नाही, माझ्या मते वाढतो. राजस्थानात एका वकिलाने अशिलाला पत्र लिहून कळवलं होतं की जज घेतात, १० हजार पाठव. पत्रच लिहिलं, म्हणजे बघा. राज्याच्या बार कौन्सिलने दोन वर्षं निलंबित केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने आधी नाव कायमचं काढलं आणि मग स्वतःच फेरविचार करून नुसत्या समजेवर सोडलं, वय झालंय, पन्नासेक वर्षांची प्रॅक्टिस वगैरे. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये ती मवाळी रद्द केली आणि नाव पटावरून काढायला लावलं. शंभूराम यादव प्रकरण म्हणतात त्याला. पैसे जजला दिल्याचा पुरावा कोणी मागितला नाही, मागणी केली हेच पुरे झालं.

पण इथे एक काटा आहे, तो तुम्हाला कोणी सांगणार नाही. २०१८ पासून लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सूट आहे, पण मग ७ दिवसांत पोलिसांना किंवा एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला) कळवायला पाहिजे. ती मुदत तुमची गेली. म्हणून तक्रारीत "आम्ही साहेबांना देण्यासाठी दिले" असं वाक्य चुकूनही लिहू नका, जे घडलं तेच लिहा. मुन्शीने बाबांना बँकेत नेलं, २ लाख ८५ हजार काढायला लावले, जास्तीच्या ५७ हजाराचं कारण तुम्हाला नंतर फोनवर सांगितलं. खरंही तेच आहे. आणि आता पुढच्या हप्त्यासाठी साहेबाचं नाव घेऊन मागितले तर द्यायच्या आधी १०६४ ला फोन करा, एसीबीचा नंबर आहे. खाजगी माणसाने सरकारी माणसावर वजन टाकतो म्हणून पैसे घेणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. फोन रेकॉर्ड होत असेल तर मूळ मोबाईल जपून ठेवा, नुसती क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

---

तिसरं सेमिस्टर:

जजच्या तक्रारीबद्दल थोडं, मी नागपूरला लॉ करतो, चुकलं तर सर दुरुस्त करतील. खालच्या कोर्टाचे जज हायकोर्टाच्या ताब्यात असतात, राज्यघटनेचं कलम २३५. तक्रार प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा मुंबई हायकोर्टाच्या व्हिजिलन्स रजिस्ट्रारकडे. नुसत्या निनावी चिठ्ठीला आता कोणी विचारत नाही, शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा लागतो. आणि निकाल चुकला म्हणजे जज भ्रष्ट असं होत नाही, त्याला अपील आहे. पण खरंच पुरावा असला तर कारवाई होतेही, साताऱ्यात २०२४ च्या डिसेंबरात जामिनासाठी ५ लाख मागितल्याचा गुन्हा एसीबीने एका जिल्हा न्यायाधीशांवर नोंदवला आणि पुढच्या वर्षी हायकोर्टाने त्यांना नोकरीतून काढलं.

हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या जजचं मात्र अवघड आहे. काढायचं तर संसदेत, लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, मग चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहात दोन तृतीयांश. १९९३ मध्ये न्या. रामस्वामींचा ठराव लोकसभेत पडला. २०११ मध्ये कलकत्त्याच्या न्या. सौमित्र सेन यांचा राज्यसभेत पास झाला, लोकसभेत यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. आणि त्यांचं प्रकरण कशाचं होतं तर वकील असताना कोर्टाने रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळणारा) नेमलं होतं, त्या कामाचे ३३ लाखांच्या आसपास पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवले. म्हणजे तुमच्या मुन्शीचंच काम, फक्त मोठ्या पगाराचं 😅

---

गावखारी:

ह्यालेच म्हणतो मी. तुम्ही कलमं सांगून रायले, अन् त्या माणसाले तालुक्यात वकील भेटून नाई रायला.

---

वर्धेकडची:

माझ्या आईने केली होती बार कौन्सिलला तक्रार, म्हणून खरं कसं होतं ते सांगते, कलमं नाही.

बाबा अपघातात गेले, क्लेमचे पैसे आले, वकिलाने आईकडून विड्रॉल स्लिपवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. तक्रार आम्हीच लिहिली, मराठीत, शेवटी सत्यापन करावं लागतं की हे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. फी भरली, प्रती जोडल्या. मग कितीतरी महिने काहीच नाही. कायद्यात एका वर्षात निकाली काढा असं आहे, नाही काढलं तर प्रकरण दिल्लीला वर्ग होतं, पण वर्ष कुठून मोजायचं यावरच आमचे सहा महिने गेले. मुंबईला तारखेला जायचं म्हणजे सेवाग्राम एक्सप्रेसचं तिकीट, आईचा मजुरीचा खाडा, आणि तिथे गेल्यावर समोरचा आजारी. समोरच्याने उलटतपासणीत आईला विचारलं की तुम्ही सही वाचून केली की न वाचता. आई म्हणाली वाचता आलं असतं तर वकील कशाला लावला असता. तिथे बसलेले सगळे गप्प झाले.

नोटीस गेल्यावर मात्र महिन्याभरात घरी माणसं यायला लागली. आधी धमकी, मग ओळखीचे, मग जातीचे, मग स्वतः वकील मिठाई घेऊन. पैसे परत करतो, तक्रार मागे घ्या. आईने पैसे घेतले, पावती दिली, आणि मग कळलं की तक्रार मागे घेतली म्हणून आपोआप बंद होत नाही, समितीला वाटलं तर ती चालू ठेवू शकते. तेव्हा वकिलाचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला शेवटी समज दिली गेली. सनद गेली नाही, अजूनही त्याच कोर्टात आहे, आम्हाला बघून रस्ता बदलतो एवढंच. मला ते कमी वाटतं. आईला पुरेसं वाटतं.

आणि दादा, एकट्याने करू नका. तुमच्या गावातल्या साठ-सत्तर घरांच्या सह्या त्याच मुन्शीने घेतल्यात ना? एकाची तक्रार म्हणजे भांडण, सहा जणांच्या सारख्याच तक्रारी, प्रत्येकाचा बँकेचा उतारा जोडलेला, म्हणजे पद्धत दिसते.

---

पऱ्हाटीवाला:

ताई, तुमच्या आईले नमस्कार सांगजा.

तिघं तयार झाले गावातले. चौथा होता पण त्याचा जावई त्याच वकिलाकडं टायपिंग करते म्हणून तो मागं सरला. उतारे काढले, आमचं धरून चौघायच्याही खात्यात तोच प्रकार, पैसे आले का एक-दोन दिवसात बरोबर चौथा हिस्सा रोख निघालेला. चेकचं पत्र काल स्पीड पोस्टानं टाकलं. नकलेचा अर्ज घेऊन कोर्टात गेलो तं तिथला बाबू म्हणे वकिलाच्या सहीनं आणा. बाबा म्हणतात उरलेले पैसे अडकले तं कसं, वकीलच नागपूरले हजर रायला नाई तं. त्याचं का कराव?

---

नाझर काका:

बाबूले म्हणा पक्षकार सोता आहे, आधार कार्ड दाखवतो, अर्ज घे अन् नाई घेत तं तसं लिहून दे. लिहून देणार नाई, अर्ज घेईन. तरी नाई ऐकलं तं अधीक्षकाले भेटा, तोही नाई तं सरळ साहेबाच्या चेंबरबाहेर पट्टेवाल्याजवळ अर्ज द्या. तातडीची नक्कल मागा, थोडी फी जास्त लागते पण लवकर भेटते.

---

कोर्टाच्या पायऱ्या:

नागपूरचं मी बघतो. तिथे हायकोर्टातही विधी सेवा समिती आहे, बाबांच्या नावाने अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. नाहीच जमलं तर नागपूर खंडपीठातल्या माझ्या ओळखीच्या दोघी आहेत, ठरलेल्या फीवर काम करतात, पावती देतात, तुमच्या तालुक्याच्या बारशी त्यांचं देणंघेणं नाही. अपील नंबर आणि पुढची तारीख मला मेसेज करा. नवीन वकीलपत्र लागलं की जुन्याला पैसे काढायच्या अर्जावर सही करायचं कारणच उरत नाही. बँकेत बाबांचा मोबाईल नंबर बदलून तुमचा टाका, आजच, आणि पासबुक मुन्शीकडे असेल तर हरवल्याचा अर्ज देऊन नवीन घ्या.

---

पऱ्हाटीवाला:

पासबुक हाये त्याच्याचकडं. उद्या जातो बँकेत.